पगारे सरांचा सतरा नंबर

पगारे सरांना वास येत नसे. अजिबात नाही. मोगरा आणि मेलेला उंदीर त्यांना सारखेच. तरुणपणी तीन वर्षं एका रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, तिथंच नाक ठेवून आलो, असं ते सांगत. आणि अशा माणसानं नाशिकमध्ये बसून समुद्राच्या तळाचे उग्र, कुबट वासाचे प्राणी वर्षानुवर्षं उकळावेत, यात देवाची थट्टा होती की कृपा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "देवाला कशाला मध्ये आणता, मॅडम?"

सरांना नाक नाही म्हटल्यावर वास घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी प्राणिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. आमचं म्युझियम आणि त्यांची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक व्हरांडा होता. दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर सर दारात उभे राहायचे, हातात काचेची कुपी, कानावर पेन्सिल.

"मॅडम, जरा नाक द्या."

मी हुंगायची आणि सांगायची, "सुकटीसारखा. मागून थोडी लसूण." सर गंभीरपणे वहीत लिहून घेत: 'सुकट, मागून लसूण. बोरस्ते मॅडम.' त्या वहीत माझं नाव असं कितीतरी पानांवर असेल. सरांच्या संशोधनाला माझी मदत झाली ती एवढीच. नुकसान झालं त्याची गोष्ट पुढे सांगते.

त्या काळी नाशिकमध्ये स्पंज म्हटलं की लोकांना पोस्टाच्या खिडकीतला, तिकिटं ओली करायचा तुकडा आठवायचा. सर पोस्टात गेले की तो तुकडा दाबून बघत आणि खिडकीतल्या माणसाला म्हणत, "हा रबराचा आहे. खरा स्पंज जनावर असतो." त्या माणसानं पुढे पुढे त्यांना बघून तुकडा आत ओढून घ्यायला सुरुवात केली होती.

पण ते खरंच होतं. स्पंज हा प्राणी. खडकाला चिकटून जन्म काढतो. दात नाहीत, नख्या नाहीत, वर कवच नाही, पाय तर नाहीतच. अंगावरच्या हजारो भोकांतून पाणी ओढायचं, त्यात जे येईल ते खायचं. असा मऊ, उघडा जीव माशांनी केव्हाच खाऊन संपवायला हवा होता, पण बरेचसे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. कारण त्याच्या अंगात रसायनं असतात. काही कडू, काही विषारी, काही अशी की माणसाला प्रयोगशाळेत बसून सुचणारच नाहीत. परदेशात एका स्पंजात सापडलेल्या द्रव्यांच्या धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तयार झालं होतं आणि आपल्याकडच्या मोठ्या इस्पितळांत ते वापरातही आलं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या स्पंजांत काय आहे ते कुणी नीट पाहिलेलं नाही, हे सरांनी डोक्यात घेतलं आणि ते डोक्यातून कधी गेलंच नाही.

"ज्याला पळता येत नाही, त्यानं अंगात काहीतरी कडू बाळगावंच लागतं," असं ते वर्गात सांगत. मुलं लिहून घेत. मला मात्र दर वेळी वाटे की हे वाक्य मनमाडच्या रेल्वे चाळीतून आलेलं आहे. सरांचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे कामगार होते. चाळीतून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा म्हणजे सर. आमच्या स्टाफरूममध्ये ते येऊन बसले की दोघातिघांच्या खुर्च्या हळूच सरकायच्या. "काय करणार, सरांच्या कपड्यांना वास येतो हो त्या स्पंजांचा," असं मला खालच्या आवाजात सांगितलं जाई. वास येत होता हे खरं. पण सर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात आले तरी खुर्च्या सरकत. त्याचं कारण मला माहीत होतं आणि सरांनाही. ते एकदाच म्हणाले, "मला वास येत नाही हे बरंय. नाहीतर मी रोज स्वतःला हुंगत बसलो असतो." मग त्यांनी चहा मागवला.

त्यांच्या टेबलामागे तिथी दाखवणारं मोठं कॅलेंडर होतं. बुद्धवंदना करणाऱ्या माणसाच्या मागे पंचांग बघून लोक चकित व्हायचे. त्यावर फक्त अमावस्या लाल पेन्सिलनं गोल केलेल्या असत. अमावस्येला ओहोटी खूप आत जाते आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक तासभर उघडे पडतात. त्या तासाभरासाठी सर नाशिकहून रात्रीची एस.टी. पकडून कोकणात जात. पौर्णिमेलाही पाणी तेवढंच आत जातं, पण त्या दिवशी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, ते विहारात सोबत हवे असत. शिपाई रंगनाथला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसे की हा माणूस दर अमावस्येला रिकाम्या बरण्या घेऊन नाहीसा होतो आणि परत येतो तेव्हा बरण्यांत काहीतरी लाल-काळं असतं. त्यानं सरांच्या दारावर लिंबू-मिरची टांगली. सरांनी मिरच्या त्याला परत दिल्या आणि लिंबाचं आंबटपण मोजायचा प्रयोग पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतला. रंगनाथ पुढे आठवडाभर त्यांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायला तयार नव्हता.

स्पंज स्पिरिटमध्ये भिजवायचा, स्पिरिट आटवायचं, उरलेलं चिकट तेल कागदाच्या टिकलीला लावायचं आणि ती टिकली जंतू वाढवलेल्या थाळीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू मेलेले असले तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. सर त्याला खळं म्हणत, चंद्राला पडतं तसं. सकाळी कॉलेजात येताना सायकलवरून उतरायच्या आधी ते वरच्या खिडकीकडे बघून ओरडत, "पडलं का खळं?" मी आधी आलेली असले तर थाळ्या बघून ठेवत असे. बहुतेक वेळा मी मान हलवायची. मग ते सायकलला कुलूप लावत.

सतरा नंबरला खळं पडलं. चांगलं रुपयाएवढं.

सतरा नंबर म्हणजे एका खाडीच्या तोंडाशी, एकाच खडकाच्या पोटात चिकटलेला स्पंज. दिसायला नागलीच्या करपलेल्या भाकरीसारखा. सरांनी त्यातला मूठभर आणला होता. त्याचं तेल त्यांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पाठवलं. तिथं रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर ते वापरून पाहिलं गेलं. आणीबाणी उठली त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर उत्तर आलं. उंदीर काही दिवस जास्त जगले होते. 'निकाल लक्षणीय. अधिक प्रमाणात नमुना पाठवावा.' सोबत उरलेलं तेलही परत आलं होतं, एका कुपीच्या तळाशी, दोन थेंब.

अधिक प्रमाणात म्हणजे निदान पाच किलो स्पंज. तेवढ्यातून चिमूटभर शुद्ध द्रव्य निघालं असतं आणि ते काय आहे, खरंच काम करतं का, हे कळलं असतं. सर दिवाळीच्या अमावस्येला गेले. वहिनी घरी दिवे लावत होत्या आणि हा माणूस गुडघाभर पाण्यात. खडकावरचा सगळा सतरा नंबर त्यांनी सुरीनं सोलून काढला आणि तेलाच्या चार डब्यांत स्पिरिट घालून भरला. परतीच्या वाटेवर कसाऱ्याला दारूबंदीच्या पोलिसांनी एस.टी. थांबवली. स्पिरिटचा वास साऱ्या गाडीत पसरला होता. सर परवान्याचा कागद काढेपर्यंत हवालदारानं डबा उघडून नाक आत घातलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. सर त्याच्या मागोमाग उतरले, पेन्सिल काढली आणि विचारलं, "साहेब, नेमका कसा होता वास?" हा किस्सा त्यांनी मला हसत हसत सांगितला. त्यांना इतकं हसताना मी त्या दिवाळीला पाहिलं, मग पुढच्या जूनमधले दोन दिवस, आणि नंतर नाही.

रसायनशास्त्राच्या स्टोअरवर पत्रे होते, डबे तापले असते. म्हणून ते आमच्या म्युझियममध्ये, मागच्या गार खोलीत ठेवले. तेलाची कुपी आमच्या फ्रिजमध्ये. पुढचं काम अर्क काढायला लागणारं मिथेनॉल आल्याशिवाय होणार नव्हतं आणि मिथेनॉलच्या मागणीचा कागद ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता.

तेवढ्यात कुणीतरी स्थानिक वर्तमानपत्रात छापलं की नाशिकच्या प्राध्यापकाला कर्करोगावर औषध सापडलं. ते वाचून माझ्या माहेरचे दगूनाना आले. देवळ्याजवळचं आमचं गाव, त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. त्यांच्या नऊ वर्षांच्या सुमनला रक्ताचा कर्करोग होता आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. मी त्यांना सरांकडे घेऊन गेले. नेऊ नये हे कळत होतं, पण नाही कसं म्हणणार?

"पेपरात छापून आलंय ना, सर?" नाना म्हणाले.

"मी पेपरवाल्याला एवढंच बोललो होतो की जंतू मरतात. जंतू रॉकेलनंही मरतात, नाना."

"पण उंदरं जगली ना? ताई सांगत व्हती."

"काही दिवस जास्त."

"मंग तेवढे दिस बी लय हायेत आमाला."

कुपी फ्रिजमध्ये आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. "नाना, त्यात काय काय आहे हे मलाच माहीत नाही," सर म्हणाले. "त्यातलं एखादं औषध असेल, बाकीचं विष असेल. दोन थेंबांनी तिला गुण येणार नाही, पण त्रास होऊ शकतो. आधी शुद्ध करावं लागेल, मग जनावरांवर बघावं लागेल. त्याला वर्षं लागतात."

"तिच्याकडं वर्षं नाय ना, सर."

"नाहीत," सर म्हणाले. "म्हणून मी तुम्हाला थांबा असं सांगत नाहीये. मी नाही म्हणतोय."

नाना संध्याकाळपर्यंत आवारातल्या कडुलिंबाखाली बसून होते. सर खिडकीपाशी उभे होते. मी दोघांचाही राग केला. शेवटच्या गाडीच्या वेळेला नाना उठले, टोपी झटकली आणि कुणाचाही निरोप न घेता गेले.

होळीच्या आसपास सुमन गेल्याचं पत्र आलं. मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाना येऊन गेले त्याला किती दिवस झाले?" मी म्हटलं, दीड महिना झाला असेल. "दीड महिना," ते म्हणाले आणि पुन्हा ऑफिसात मिथेनॉलची चौकशी करायला गेले.

आता माझी गोष्ट. प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विभागात एक रीत असते. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी म्युझियममधली एकेक बरणी बघायची आणि जिथं पातळी उतरली असेल तिथं फॉर्मॅलिन घालून ती भरून घ्यायची. साप, बेडूक, मासा, काहीही असो, फॉर्मॅलिन घातलं की वर्षानुवर्षं टिकतो. त्या एप्रिलमध्ये मी यादी घेऊन रंगनाथबरोबर फिरत होते. मागच्या खोलीत सरांचे चार डबे दिसले. झाकणातून स्पिरिट उडून पातळी चार बोटं खाली गेली होती, वरचे तुकडे उघडे पडले होते. सर मनमाडला, वडील आजारी म्हणून. मला वाटलं, एवढ्या कष्टानं आणलेला माल, उन्हाळ्यात सडून जाईल. मी रंगनाथला सांगितलं, "यातही घाल. काठोकाठ." त्यानं घातलं. सरांचं आपण केवढं काम केलं, या आनंदात मी घरी गेले.

जूनमध्ये मिथेनॉल आलं. सरांनी डबे नेले, अर्क काढला आणि थाळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओरडून विचारायची त्यांच्यावर वेळ आली नाही, मीच खिडकीतून ओरडले, "सर, खळं!" खळं कसलं, अर्धी थाळी स्वच्छ होती. सरांनी सायकल तशीच टाकली. दोन दिवस ते व्हरांड्यात गुणगुणत फिरत होते. रंगनाथला त्यांनी पेढे आणायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते कुपी घेऊन माझ्या दारात आले. "मॅडम, नाक द्या. वहीत लिहायचं राहिलंय."

मी हुंगलं. तो वास मला ओळखावा लागला नाही. माझ्या हातांना, पदराला, डब्यातल्या पोळीला तोच वास यायचा. क्षणभर खोटं बोलावं असं मनात आलं. सुकट म्हणावं, लसूण म्हणावं, काहीही म्हणावं. सरांची पेन्सिल वहीवर टेकलेली होती.

"फॉर्मॅलिन," मी म्हटलं. "मीच घालायला सांगितलं, सर. एप्रिलमध्ये."

फॉर्मॅलिननं जंतू मरतातच. ते खळं सतरा नंबरचं नव्हतं, माझं होतं. आणि स्पंजात जे काही नाजूक होतं त्याला फॉर्मॅलिननं कायमचं बदलून टाकलं होतं. सरांनी हे मला विद्यार्थिनीला समजावावं तसं समजावलं, आवाज न चढवता. "तुमच्या शास्त्रात आकार टिकला की प्राणी टिकला. माझ्यासाठी आकार म्हणजे नुसतं भांडं." मग त्यांनी वहीत लिहिलं. मला वाटलं, माझं नाव लिहिणार. त्यांनी लिहिलं, 'साठवणीत नमुना खराब झाला.' तेव्हा माझी नोकरी कायम व्हायची होती. संस्थेला पाठवलेल्या पत्रातही तेच वाक्य होतं. फ्रिजमधल्या त्या दोन थेंबांचा उपयोग होईल म्हणून त्यांनी तेही तपासलं. उन्हाळाभर वीज जात-येत होती. तेलाचा गुण गेला होता, खळं पडलं नाही.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. अंगात काहीतरी कडू बाळगावं लागतं असं सांगणाऱ्या या माणसानं ते बाळगलं नव्हतं.

पावसाळा संपल्यावर सर पुन्हा त्या खडकावर गेले. खडक उघडा होता. सतरा नंबर तिथं पुन्हा उगवलेला नव्हता. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पहिल्या मुठीतला अंगठ्याएवढा तुकडा त्यांनी ओळखीसाठी स्पिरिटमध्ये जपला होता. त्याची कुपी शर्टाच्या खिशात ठेवून ते अमावस्येमागून अमावस्येला सगळा किनारा धुंडाळत राहिले. हुबेहूब दिसणारे स्पंज मिळाले, पण त्यांना खळं पडेना. कदाचित जात वेगळी असेल, कदाचित ते द्रव्य एकाच ऋतूत तयार होत असेल, कदाचित त्या एकाच खडकावर. एकदा मी रडायला लागले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही डबे बिघडवले, मॅडम, पण खडक मी संपवला. चार बोटं तरी मागे ठेवायला हवा होता." हे त्यांनी माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असेल. माझं समाधान झालं नाही, फक्त त्यांना काय खातंय ते कळलं.

आठ वर्षं अशी गेली. मग मुंबईच्या संस्थेतून नव्या माणसाचं पत्र आलं. जुनी कागदपत्रं पाहता पहिल्या निकालातच चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्यात होतं. सरांनी ते मला वाचायला दिलं. त्या एका उन्हाळ्यात चार डबे शाबूत राहिले असते, तर चूक होती की नव्हती हे तरी कळलं असतं. आता ते कुणालाच कळणार नव्हतं. मी पत्राची घडी घालून परत दिली.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात ते शेवटचे माझ्या दारात आले. नाक द्या म्हणाले नाहीत. खिशातून ती कुपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हा म्युझियममध्ये ठेवा," ते म्हणाले. "फॉर्मॅलिनमध्ये."

"सर, स्पिरिटमध्येच राहू दे. कधी कुणाला..."

"कुणाला नाही, मॅडम. आकार तरी टिकू दे. पोरांना स्पंज कसा असतो ते दिसेल."

मी बरणी काढली. तुकडा आत ठेवला. फॉर्मॅलिनची बाटली उचलली, पण ती कलती करणं मला जमेना. सरांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि सावकाश, काठोकाठ ओतली. चिठ्ठीवर त्यांनी किनाऱ्याचं नाव लिहिलं, आकडा लिहिला, सतरा. गुणधर्माच्या रकान्यापाशी पेन्सिल थोडी थांबली आणि तो त्यांनी कोराच सोडला.

"वास येतोय ना?" त्यांनी विचारलं.

"येतोय, सर."

"मग झालं."

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं, वर पाहिलं नाही, आणि फाटकातून बाहेर पडले. व्हरांड्यापलीकडे त्यांच्या टेबलामागचं कॅलेंडर तसंच टांगलेलं होतं. त्या दिवसाला लाल गोल होता. अमावस्या होती, आणि सर घरी गेले.